देश म्हणजे वाटेवरची धर्मशाळा नव्हे

आपण या जगात परके आणि प्रवासी आहोत, आपलं खरं घर वर आहे, हे वाक्य ख्रिस्ती मंडळींत लहानपणापासून कानावर पडतं. कबरीच्या काठावर उभं असताना ते ऐकलं की धीर येतो, आणि तिथे ते खरंही आहे. पण हेच वाक्य मतदानाच्या आदल्या रविवारी ऐकू येतं. गावच्या विहिरी टँकरवाल्यांनी उपसल्या तरी ऐकू येतं. शेजारच्या वस्तीवर अन्याय झाला आणि कुणी तरुणाने उठून ‘आपण काही करायचं का?’ असं विचारलं, की त्याला गप्प बसवायलाही हेच वाक्य पुढे येतं. तेव्हा मला संताप येतो. मी ख्रिस्ती आहे आणि हा संताप माझ्या विश्वासातूनच येतो.

ही भूमिका तिचे समर्थक मांडतात तशीच आधी मांडतो. राज्यं येतात आणि जातात, देवाचं राज्य तेवढं टिकतं. देश म्हणजे वाटेवरची धर्मशाळा. रात्रीपुरतं टेकायचं, पहाटे निघायचं, तिथल्या भिंतींची डागडुजी आपण कशाला करायची? आपलं काम आत्म्यांचं तारण. राजकारण हा चिखल आहे आणि चिखलात उतरलेल्याचे पाय घाण होतातच. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं वचनच सांगतं, तेव्हा सरकारला प्रश्न विचारणं हा अवज्ञेचा प्रकार झाला. देशासाठी आपण दर रविवारी प्रार्थना करतो, तेवढं पुरे. शिवाय आपण मूठभर. आवाज केला तर उद्या दगड आपल्याच चर्चवर येतील. तेव्हा गप्प राहणं हेच शहाणपण आणि हीच भक्ती.

ही शिकवण धर्मासारखी दिसते, म्हणून ती कुणी तपासत नाही. मी ती तपासू इच्छितो.

आधी तिचा परिणाम पाहा. ख्रिस्ती माणसावर या देशात एक जुना आरोप आहे. सावरकरांनी १९२३ साली ‘हिंदुत्व’मध्ये तो सैद्धांतिक भाषेत मांडला: यांची पितृभूमी इथे असली तरी पुण्यभूमी बाहेर आहे, म्हणून यांची निष्ठा दुभंगलेली. गेली शंभर वर्षं हा आरोप वेगवेगळ्या तोंडांनी बोलला जातो आहे. ख्रिस्ती माणूस तो ऐकून दुखावतो, आणि दुखावणं योग्यच आहे. मग रविवारी तोच माणूस बाकावर बसून ऐकतो की हा देश आपला नाही, आपलं मन इथे गुंतता कामा नये, आणि मान डोलावतो. आरोप करणारा बाहेरून म्हणतो, ‘यांचं मन इथे नाही.’ प्रवचनकार आतून म्हणतो, ‘आमेन.’ आरोपपत्रावर आपल्याच हाताने सही करून वर निर्दोष असल्याची तक्रार कशी करायची? दोघांचं गृहीतक एकच आहे. देव आणि देश हे दोन धनी आहेत, एकाची चाकरी धरली की दुसऱ्याची सुटते, असं दोघांनाही वाटतं. हे गृहीतक पवित्र शास्त्रात मला कुठेच सापडत नाही.

‘आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे’ हे वचन घेऊ. ते पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलं. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती. तिथल्या लोकांना रोमन नागरिकत्वाचा केवढा अभिमान होता ते पौलाला पुरतं ठाऊक होतं. आता याच शहरात पौल आधी कसा वागला होता? त्याला आणि सीलाला चौकशीशिवाय भर चौकात फटके मारले, तुरुंगात टाकलं, आणि सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की गुपचूप निघून जा. पौल गेला नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत, न्यायनिवाडा न करता आम्हाला उघड मारलं, आता त्यांनीच येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं त्याने खणखणीत सांगितलं. अधिकाऱ्यांना यावं लागलं, विनवावं लागलं. पुढे यरुशलेमेत शताधिपतीसमोर त्याने हेच नागरिकत्व पुढे केलं आणि अखेरीस थेट कैसराकडे दाद मागितली. स्वर्गातल्या नागरिकत्वाबद्दल लिहिणारा माणूस पृथ्वीवरच्या नागरिकत्वाचा एकही हक्क सोडत नव्हता. कारण मागे उरलेल्या छोट्या मंडळीला उद्या त्याच अधिकाऱ्यांच्या हाताखाली जगायचं होतं. आपल्याकडे मात्र त्याच्या पत्रातलं अर्धं वाक्य घेऊन हक्क सोडून देण्याचं तत्त्वज्ञान रचलं गेलं.

हाच पौल रोमकरांना लिहितो की आपल्या जातभाईंसाठी ख्रिस्तापासून तोडलं जाण्याचीही त्याची तयारी आहे. आपल्या लोकांबद्दल याहून तीव्र बोल मला तरी ठाऊक नाहीत. ज्याला आपले लोक म्हणजे धर्मशाळेतले सोबती वाटतात, तो असं लिहील का?

पेत्राचंही तेच. परके आणि प्रवासी हे शब्द त्याच्या पत्रातून उचलले जातात, पण पुढच्या ओळी वाचल्या जात नाहीत. त्याच दमात तो सांगतो की इतर लोकांमध्ये तुमचं वागणं इतकं चांगलं असू द्या की निंदा करणाऱ्यांनाही तुमची सत्कृत्यं दिसावीत. सगळ्यांना मान द्या, राजाचा सन्मान करा, भय मात्र देवाचं धरा. प्रवासी असणं हे पेत्राच्या लेखी जबाबदारी टाळण्याचं निमित्त नाही.

आणि प्रभू येशू? माझं राज्य या जगाचं नाही, हे त्याने पिलातासमोर सांगितलं, हे खरं. पण त्यानेच शिकवलेली प्रार्थना आपण रोज म्हणतो, आणि तिच्यात देवाचं राज्य पृथ्वीवर येवो, त्याची इच्छा इथे पुरी होवो असं मागतो. त्याचं राज्य या जगातून उगवलेलं नाही, पण ते या जगासाठी आहे. यरुशलेम दृष्टीस पडल्यावर तो रडला. ज्या शहराने त्याला काही दिवसांत वधस्तंभावर चढवलं, त्या शहराच्या येऊ घातलेल्या नाशाने त्याचं काळीज फाटलं. शहर जायचंच आहे तर जाऊ दे, असं तो म्हणाला नाही.

पण या वादात मला सगळ्यात वजनदार वाटतो तो संदेष्टा यिर्मया. यहूदी लोक खरोखरच परक्या देशात होते. नबुखद्नेस्सराने त्यांना बाबेलास ओढून नेलं होतं. पाडाव झालेले, अपमानित, घरदार गमावलेले. देवाचं मंदिर दूर राहिलं होतं. बाबेलचा द्वेष करायला त्यांच्यापाशी सगळी कारणं होती. त्या वेळी हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगत होता की दोन वर्षांत सगळं संपेल, लोक परत येतील. लोकांना ते गोड वाटलं असणार. यिर्मयाने पाडाव झालेल्यांना पत्र पाठवलं ते नेमकं उलट: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या नगरात मी तुम्हाला पाठवलं त्याचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितातच तुमचं हित आहे. शत्रूच्या नगराबद्दल देवाची ही आज्ञा असेल, तर स्वतःच्या जन्मभूमीबद्दल ती किती पटीने लागू होते? आपल्याला कुणी पाडाव करून इथे आणलेलं नाही. आपले पूर्वज याच मातीतले. ‘काही दिवसांचा प्रश्न आहे, मग आपण वर जाणार’ असं आजही शिकवणारे हनन्याच्या बाजूला उभे आहेत. हनन्या खोटा ठरला, हे त्याच ग्रंथात नोंदलेलं आहे.

आता ‘प्रार्थना करतोच की’ या उत्तराकडे वळतो. प्रार्थनेला कमी लेखणारा मी नव्हे. पण प्रार्थना करून हात झटकणारा एकही माणूस मला शास्त्रात मोठा झालेला दिसत नाही. शूशनच्या राजवाड्यात चाकरीला असलेल्या नहेम्याला यरुशलेमेचा तट पडल्याची बातमी कळली तेव्हा तो रडला, त्याने उपास केला, प्रार्थना केली. आणि मग राजाकडे रजा मागितली, सुभेदारांच्या नावे पत्रं मागितली, लाकडासाठी वनाधिकाऱ्याच्या नावे हुकूम मागितला. रात्री फिरून तटाची पाहणी केली. आणि त्या बांधकामाच्या यादीत कितीतरी जणांची नोंद अशी आहे की ज्याने त्याने आपापल्या घरासमोरचा भाग उभा केला. प्रार्थनेचा पुढचा टप्पा तिथे अर्ज, परवानगी, मोजणी आणि दगडमाती हा आहे.

आपल्याच भूमीवरचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १९०५ साली केडगावच्या मुक्ती सदनात जी मोठी आध्यात्मिक जागृती झाली तिच्याबद्दल आपल्या सभांत भरभरून बोललं जातं. पण याच रमाबाई १८८९ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून हजर होत्या. मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी तिथे जाऊन उपाशी मुलींना आणि विधवांना आणलं. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या इस्पितळांत आणि छावण्यांत बायकांची जी हेळसांड चालली होती तिच्याविरुद्ध रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं. सरकारने आरोप झटकून टाकले. आता हे ध्यानात घ्या की ते सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं होतं, आणि लिहिणारी बाई स्वतः ख्रिस्ती झालेली, इंग्लंड-अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांच्या देणग्यांवर संस्था चालवणारी. तिने गप्प राहण्यात तिचा किती फायदा होता! तिला आपल्या पुण्याच्या बायका जवळच्या वाटल्या. तिची प्रार्थना आपल्याला हवी, तिचं ते पत्र नको, असं कसं चालेल? दोन्ही एकाच काळजातून आलेली आहेत.

अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, हे रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातलं वचन तर असं वापरलं जातं की जणू ते लिहिणारा पौल कधी तुरुंगात गेलाच नव्हता. मिसरी राजाने इब्री मुलगे मारण्याचा हुकूम दिला तेव्हा शिप्रा आणि पुवा या सुइणींनी तो मोडला आणि देवाने त्यांचं भलं केलं. मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा पाळली पाहिजे, असं प्रेषितांनी न्यायसभेला तोंडावर सांगितलं. या वचनांना बाजूला सारून एकट्या रोमकरांच्या तेराव्या अध्यायावर देश सोपवला की काय होतं, ते जर्मनीने दाखवलं. १९३३ नंतर तिथल्या चर्चमधला एक मोठा गट हिटलरच्या मागे गेला. देशभक्तीच्या नावाने वधस्तंभाशेजारी स्वस्तिक आलं. राष्ट्राची पूजा ही मूर्तिपूजाच आहे, आणि ख्रिस्ती माणूस ती करू शकत नाही, हे मी इथे ठासून सांगतो, कारण देशप्रेमाचं नाव काढलं की काहींना हीच भीती वाटते. पण त्या पूजेला नाही म्हणणारे कोण होते? जर्मन पाळक आणि धर्मशास्त्री डीट्रिख बोनहॉफर १९३९ मध्ये न्यूयॉर्कला सुखरूप पोचला होता. तिथे राहून वर्ग घेता आले असते, ग्रंथ लिहिता आले असते. काही आठवड्यांतच तो जर्मनीला परतला, कारण आपल्या लोकांच्या संकटात वाटा घेतला नाही तर नंतर जर्मनीतलं ख्रिस्ती जीवन पुन्हा उभारण्यात भाग घ्यायचा हक्क आपल्याला राहणार नाही, असं त्याचं मत होतं. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी दिली गेली. हुकूमशहाला विरोध करणारा तो देशद्रोही, की त्याच्यापुढे माना झुकवणारे बिशप देशभक्त?

राहिला मुद्दा आपण मूठभर असण्याचा. २०११च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती २.३ टक्के, महाराष्ट्रात सुमारे १ टक्का. आकडा खरा आहे. पण त्यातून गप्प बसण्याचा निष्कर्ष कसा निघतो? जोसेफ बॅप्टिस्टांच्या काळी आपण काय बहुसंख्य होतो? मूळ उत्तनचं ईस्ट इंडियन घराणं, जन्म १८६४ सालचा माझगावच्या माथारपाखाडीतला, पुण्यात इंजिनिअरिंग, केंब्रिजला कायदा. हा कॅथॉलिक माणूस लोकमान्य टिळकांचा जिवाभावाचा सहकारी झाला, १९१६ साली स्थापन झालेल्या त्यांच्या होमरूल लीगचा पहिला अध्यक्ष झाला, गिरणी आणि टपाल कामगारांसाठी झटला, पुढे मुंबईचा महापौर झाला. लोक त्याला प्रेमाने काका म्हणत. किती चर्चमधल्या मुलांना आज काका बॅप्टिस्टांचं नाव ठाऊक आहे? संतांच्या चरित्रांबरोबर हे चरित्र शिकवायला कुणी मनाई केली आहे?

आणि गोवा. दुभंगलेल्या निष्ठेचा आरोप खरा असता तर तो सगळ्यात आधी गोव्यात सिद्ध व्हायला हवा होता. पोर्तुगाल हे कॅथॉलिक राज्य. तुमचा धर्म आमचा, म्हणून तुमची भूमीही आमची, असं ते साडेचारशे वर्षं सांगत आलं होतं. त्याला पहिलं मोठं उत्तर दिलं ते चांदरच्या कॅथॉलिक घराण्यातल्या त्रिस्तांव द ब्रागांस कुन्हा यांनी. १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. पोर्तुगिजांनी गोवेकरांचं राष्ट्रीयत्व कसं पुसलं यावर १९४४ साली पुस्तिका लिहिली. १९४६ मध्ये त्यांना अटक झाली, लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावली, आणि पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन डांबलं. त्याच वर्षी १८ जूनला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांची सभा झाली, तेव्हा लोहिया असोळण्याच्या डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरचे पाहुणे होते. १९५५ ते १९६१ या काळात सरहद्दीवरच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवणाऱ्यांत लिबिया लोबो होत्या, वामन सरदेसाईंच्या बरोबरीने. गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धर्माचा नाही, हे पोपनाही मान्य असल्याचं १९५५ मध्ये रोमच्या भेटीनंतर नेहरूंनी सांगितलं होतं. रोमकडे डोळे लावून बसल्याचा आरोप करणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. पण त्यांच्याआधी आपण वाचावा, कारण आपल्या गप्प राहण्याला या माणसांच्या चरित्रात कुठेही आधार नाही.

संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते. विधिमंडळांत धर्माच्या आधारावर राखीव जागा नकोत, हा निर्णय १९४९ मध्ये झाला तेव्हा तो ठराव त्यांनीच मांडला. आम्हाला वेगळी खुर्ची नको, सगळ्यांबरोबर बसू, असा तो विश्वास होता. त्या विश्वासाला पुढच्या पिढ्यांनी सगळ्यांबरोबर बसणंच सोडून देऊन उत्तर द्यावं?

भीतीचं कारण खोटं नाही, हे मी जाणतो. फादर स्टॅन स्वामींचं नाव आता दबल्या आवाजात घेतलं जातं. झारखंडच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी लढणारा हा म्हातारा जेझुइट ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत कोठडीत असतानाच गेला, खटला उभा राहण्याआधी. ‘पाहा, काय झालं ते’ असं सांगून तरुणांना घरी बसवलं जातं. पण मग वधस्तंभ कशासाठी गळ्यात घालायचा? तो तर राज्यसत्तेच्या हातून मरण आल्याचीच खूण आहे.

आपल्यातले काही जण आरोपाला दुसऱ्या पद्धतीने उत्तर देतात, आणि तेही मला पटत नाही. आम्ही शाळा चालवल्या, दवाखाने उघडले, कुष्ठरोग्यांची सेवा केली, अशी यादी ते वाचून दाखवतात. मग गंगासागरच्या लढाईत परमवीरचक्र मिळवणारा अल्बर्ट एक्का, कारगिलमध्ये महावीरचक्राचे मानकरी ठरलेले नागालँडचे केंगुरुसे आणि शिलाँगचे क्लिफर्ड नोंग्रम यांची नावं येतात. ही नावं आदराने घ्यावीत, मुलांना शिकवावीत. पण ती भाड्याच्या पावतीसारखी पुढे करू नयेत. जो घराचा आहे तो राहण्याचा मोबदला देत नाही. या शूरांनी कुणाच्या संशयाला उत्तर म्हणून प्राण दिले नाहीत. प्रमाणपत्र मागणाऱ्याला प्रमाणपत्र देत बसलं की त्याचा मागण्याचा हक्क आपण मान्य केला, असं होतं.

देशाची काळजी घेणं या सगळ्याहून साधं आणि जास्त कष्टाचं आहे. वसईत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बागायती जमिनींवर बिल्डरांची नजर पडली, विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं, गुंडगिरी बोकाळली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो रस्त्यावर उतरले आणि हरित वसईची चळवळ सगळ्या जातिधर्मांच्या लोकांची झाली. धर्मगुरूने पाण्याच्या आणि जमिनीच्या भानगडीत का पडावं, असं तेव्हाही विचारलं गेलं. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी ते बसले तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला. आतून आणि बाहेरून आलेल्या दोन्ही आक्षेपांना त्यांनी आपल्या कामाने आणि मराठीने उत्तर दिलं.

हीच काळजी घरातही लागू होते. जातीने या देशाचं जेवढं नुकसान केलं तेवढं दुसऱ्या कशानेच केलं नाही, आणि जात आपल्या मंडळ्यांत नाही असं छातीवर हात ठेवून कुणी म्हणू शकेल? लग्न ठरवताना मूळ जात विचारली जाते की नाही? ख्रिस्तात सगळे एक, असं उपासनेत म्हणायचं आणि सोयरीक जुळवताना विसरायचं, हा देवाचा अवमान आहे आणि देशाशी केलेली गद्दारीही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले, त्याविरुद्ध आपण न्याय मागतो. तो मागायलाच हवा. पण तो मागण्याचं नैतिक बळ आपल्या बाकांवर तयार होतं.

म्हणून मंडळ्यांच्या आणि धर्मग्रामांच्या जबाबदार लोकांकडे माझी मागणी आहे. येत्या २६ जानेवारीला आवारात झेंडा लावून, राष्ट्रगीत म्हणून, लाडू वाटून घरी जाऊ नका. उपासनेनंतर लोकांना थांबवा. मतदार यादीत कुणाकुणाचं नाव नाही ते तिथेच पाहा आणि अर्ज भरून घ्या. गावच्या ग्रामसभेची तारीख शुभवर्तमानाच्या सभेच्या तारखेइतक्याच मोठ्याने जाहीर करा आणि तिथे जायला माणसं नेमा. संविधानाची उद्देशिका मुलांना समजावून सांगा. काका बॅप्टिस्ट, रमाबाई, कुन्हा यांची चरित्रं रविवारच्या शाळेच्या अभ्यासक्रमात घाला. आणि पुन्हा कुणी व्यासपीठावरून सांगू लागलं की आपला या देशाशी संबंध तात्पुरता आहे, तर सभेतून उठून, नम्रपणे पण सगळ्यांसमोर, त्याला यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय वाचायला सांगा.